व्हिंटेज मोटार

व्हिंटेज मोटार : काटेकोर अर्थाने पहिल्या महायुद्धाची अखेर ते १९३० ची अखेर या काळात बनलेली मोटारगाडी. बोलीत मात्र कोणतीही जुनी, निगुतीने जपलेली गाडी व्हिंटेज ठरते. भारतीय कायद्यातील अर्थ या दोहोंहून निराळा आहे. मूळ शब्द द्राक्षमद्याच्या व्यवसायातला. विशिष्ट वर्षीच्या द्राक्षहंगामाला आणि त्या हंगामाच्या मद्याला तो लावला जाई. ब्रिटनमध्ये १९३४ साली फारसे धनवान नसलेल्या हौशी मंडळींनी व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब स्थापन केला आणि त्यानंतर हा शब्द मोटारींना चिकटला, असे सामान्यतः मानतात.

कालमर्यादेचा वाद : ब्रिटिश परंपरेत १९०४ अखेरपर्यंतची मोटार ‘व्हेटरन’, १९०५ ते १९१८ मधली ‘एडवर्डियन’ आणि त्यानंतर १९३० पर्यंतची ‘व्हिंटेज’ होय. लंडन ते ब्रायटन या दरवर्षीच्या फेरीत १ जानेवारी १९०५ पूर्वीच्या गाड्यांनाच प्रवेश मिळतो, तो याच हिशेबाने. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गीकरणात मात्र १९०४ पर्यंतच्या गाड्या ‘अ‍ॅन्सेस्टर’ आणि १९०५ ते १९१८ च्या ‘व्हेटरन’ आहेत. त्यामुळे १९१० सालची एकच गाडी एका यादीत एडवर्डियन, तर दुसरीत व्हेटरन ठरते. जुने ग्रंथ वाचताना लेखक कोणत्या परंपरेतला आहे हे आधी पाहावे. अमेरिकेत तर पंचवीस वर्षे झालेली गाडी ‘अँटिक’ म्हणवते.

सीमारेषा १९३० चीच का, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक असे की, जागतिक मंदीनंतर कारागिरांनी घडवलेल्या गाड्यांची जागा कारखान्यातून घाऊक निघणाऱ्या गाड्यांनी घेतली. हे आकर्षक असले तरी पुरेसे नाही. घाऊक उत्पादनाचा नमुना असलेली फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत बनत होती आणि तिच्या सुमारे दीड कोटी गाड्या निघाल्या, म्हणजे व्हिंटेज काळ बराचसा तिनेच व्यापला. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे : क्लब निघाला तेव्हा त्या मंडळींना ताज्या गाड्या वगळून नजीकच्या भूतकाळावर रेघ ओढायची होती, ती तिथे पडली आणि पुढे तशीच राहिली. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चालवण्याची रीत : या गाड्यांची खरी ओळख त्या सुरू करतानाच होते. मॉडेल टी चे उदाहरण घेता येईल. प्रथम हँडब्रेक पूर्ण मागे ओढायचा, कारण त्यानेच गाडी न्यूट्रलमध्ये राहते. सुकाणूच्या डावीकडची, ठिणगीची वेळ ठरवणारी दांडी वर सारायची आणि उजवीकडची पेट्रोलची दांडी किंचित खाली आणायची. मग पुढे जाऊन, रेडिएटरजवळची चोकची तार ओढून हँडल मारायचे. हँडल खालून वर खेचायचे आणि अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटा झटका देते आणि हँडलभोवती वळवलेला अंगठा किंवा मनगट मोडते. इंजिन धरले की ठिणगीची दांडी खाली घ्यायची. पायाशी तीन पेडल असतात, पण त्यांत अ‍ॅक्सिलरेटर नाही. डावे वेग बदलण्याचे, मधले रिव्हर्सचे, उजवे ब्रेकचे. आजचा सराईत चालकही इथे नवशिका ठरतो. कॅडिलॅकने १९१२ च्या गाड्यांत विजेचा स्टार्टर दिल्यानंतर हँडल हळूहळू मागे पडले.

अस्सलपणा : भाग बदलत गेलेली गाडी मूळचीच मानावी का, हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न. १९२९ आणि १९३० ची फ्रान्समधली ल मान्स मोटारशर्यत जिंकलेली बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही गाडी १ कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला; पण खरेदीदाराने ती अस्सल नाही म्हणून माघार घेतली. गाडीची अनेकदा पुनर्बांधणी झाली होती आणि पहिल्या शर्यतीच्या वेळचे फारच थोडे भाग तिच्यात उरले होते. तरीही इंग्लंडच्या न्यायालयाने १९९० मध्ये ती अस्सल ठरवली, कारण ती कधी मोडीत निघाली नव्हती, तिचे अस्तित्व अखंड चालत आले होते. फिवाची ट्यूरिन सनद नव्याने चकचकीत करण्यापेक्षा आहे ते जपण्यावर भर देते. हेच धोरण योग्य होय; खरवडून काढलेला मूळ रंग परत आणता येत नाही.

भारतात : मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या व त्यांतली एक जमशेटजी टाटा यांची होती, असे सांगतात. कोलकात्यात वर्षभर आधीच ‘क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज’च्या एका अधिकाऱ्याकडे मोटार होती, असेही लिहिले जाते; पण कंपनीचे हे जोडनाव बरेच नंतरचे असल्याने ती नोंद जपून वापरावी.

२०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन सुधारणा नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राहिलेली दुचाकी वा चारचाकी ही व्हिंटेज होय. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क पडते आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. रोजच्या वापरास वा धंद्यास ती नेता येत नाही. ही मर्यादा सरकती आहे. त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी फियाट ११०० आणि सुरुवातीच्या काळातली अ‍ॅम्बॅसिडर या ब्रिटिश यादीत कधीच न बसणाऱ्या गाड्या इथे व्हिंटेज ठरतात.

दिल्लीत ‘स्टेट्समन’ दैनिकाची रॅली १९६४ पासून भरू लागली. संग्रहांमध्ये प्राणलाल भोगीलाल यांचा अहमदाबादजवळच्या कठवाडा येथील संग्रह मोठा मानला जातो.

या गाड्या फिरत्या राहतात त्या थोड्या हातांमुळे. जुन्या इंजिनांतील बेअरिंगमध्ये कथिलप्रधान मऊ मिश्रधातू वितळवून ओततात. क्रँकशाफ्टला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याला, निळा रंग लावून तो बसवायचा, फिरवायचा आणि काढायचा. जिथे निळे उमटले तिथला उंचवटा हाताने खरवडायचा आणि पुन्हा बसवून पाहायचे. निळा ठसा सर्वत्र सारखा उमटेपर्यंत हे चालते, आणि त्यात दिवसचे दिवस जातात.