सहीची पाटी आणि पन्नास मायक्रॉनची फट

भाच्याने गेल्या आठवड्यात एक रील पाठवली. पांढऱ्या कपड्यातला जपानी कारागीर, हातात पाना, मागे बासरी, आणि खाली मजकूर, 'जे यंत्राला जमत नाही ते या हातांना जमतं!' शेवटी इंजिनावरची नावाची पाटी झळकते. गाडी निसानची जीटी-आर. तिचं आर-३५ हे मॉडेल ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झालं, तेव्हापासून असे श्रद्धांजलीपर व्हिडिओ फिरतायत. भाच्याचा प्रश्न एवढाच, "मामा, खरंच का?"

हाताने जुळवलेलं इंजिन खास असतं का, याचं उत्तर लांबलचक आहे. रीलमधलं वाक्य मात्र खोटं आहे, हे लगेच सांगून टाकतो.

जीटी-आरचं ३.८ लिटरचं, दोन टर्बोचं व्ही-६ इंजिन योकोहामाच्या कारखान्यात जुळवलं जायचं. एक इंजिन एकाच 'ताकुमी'ने, म्हणजे उस्तादाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवायचं आणि त्याच्या नावाची पाटी वर लावायची. असे ताकुमी सगळे मिळून नऊ. जर्मनीत आफाल्टरबाख गावी एएमजीचीही, म्हणजे मर्सिडीजच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या शाखेचीही, 'एक माणूस, एक इंजिन' अशीच रीत आहे, तिथे पाटीवर सही असते. 'जुळवणं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) ओतणं, क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) घासणं, सिलिंडर होन करणं, म्हणजे आतून घासून मापात आणणं, ही सगळी कामं यंत्रं करतात. जीटी-आरची खरी नवलाई म्हणजे तिच्या सिलिंडरला आतून बिडाचं लायनर, म्हणजे वेगळं नळकांडं, नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीवर वितळलेल्या लोखंडाचा फवारा मारून जेमतेम ०.१५ मिलिमीटरचा थर चढवलेला असतो. जगातला कुठलाही उस्ताद हे हाताने करू शकणार नाही.

आणि थोडा हिशोब करू. अठरा वर्षांत या गाड्या निघाल्या सुमारे ४८,०००. म्हणजे वर्षाला २,७०० च्या आसपास, नऊ जणांत वाटल्या तर माणशी ३००. कामाच्या दर दिवसाला एक इंजिन, वर थोडं आणखी. कसबी माणसाची नेकीची नोकरी आहे ही. बासरी वाजवण्याइतकी तपश्चर्या नाही.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो, बेअरिंगपाशी.

वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात नाना पेठेत माझ्या जुन्या गाडीचं इंजिन उतरवलं होतं. क्रँक ग्राइंड होऊन आला. मिस्त्रींनी नवी शेल बेअरिंगं (क्रँक ज्यांत फिरतो त्या पातळ, अर्धगोल पट्ट्या) बसवली, तेल सोडलं, त्यांना धरणाऱ्या कॅपचे बोल्ट आवळले आणि तर्जनीने क्रँकला नुसतं ढकललं. तो पाव फेरा फिरून अडला. "एका बोटाने फिरला पाहिजे," एवढंच बोलून त्यांनी एकेक कॅप पुन्हा खोलली. तिसऱ्या कॅपच्या शेलमागे कापडाचा एक तंतू निघाला. नखाने काढला, पुसलं, पुन्हा आवळलं. या वेळी क्रँक बोटासरशी असा फिरला की जणू तो कशाला टेकलेलाच नाही.

आणि इंजिन चालू झाल्यावर तो खरंच कशाला टेकलेला नसतो! क्रँकशाफ्टचा जो गुळगुळीत भाग बेअरिंगमध्ये फिरतो त्याला जर्नल म्हणतात. त्याचा व्यास ६० मिलिमीटर धरा. बेअरिंगचं भोक त्याहून साधारण ५० मायक्रॉनने मोठं ठेवतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे ही सगळी फट केसाहून बारीक. त्या फटीत तेल. पिस्टनवर स्फोटाचा दाब १०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण शंभरपट, आला, तर ८३ मिलिमीटरच्या पिस्टनवर साडेपाच टन वजन पडतं, आणि ते कनेक्टिंग रॉडमधून या तेलावर येतं. तेलाचा पंप देतो चार-पाच बार. एवढ्याशा दाबावर टनांचा भार तोलणं शक्यच नाही. मग शाफ्ट वर राहतो कसा?

भर पावसात एक्सप्रेसवेवर साचलेल्या पाण्यातून जोरात गाडी नेलीत, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. तिथे पाणी पंपाने कुणी दाबत नाही. चाकाचा वेगच पाण्याला निमुळत्या फटीत ढकलतो आणि ते कोंडलेलं पाणी टायर उचलतं. बेअरिंगमध्ये हेच होतं. भाराखाली शाफ्ट किंचित एका बाजूला सरकतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. फिरणारा शाफ्ट तेलाला चिकटवून त्या अरुंद टोकाकडे ओढत नेतो. तेलाची पाचर तयार होते आणि तिच्यात शेकडो बार दाब निर्माण होतो. पंपाचं काम फक्त तेल पुरवायचं, भार उचलतो तो वेग.

हे कळलं तेही अपघाताने. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूशॅम्प टॉवर रेल्वेच्या आसांची बेअरिंगं तपासत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या डोक्यावर भोक पाडलं, तर त्यातून तेल उलटं वर येऊ लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली, तेलाने ती हळूहळू बाहेर ढकलली. मग प्रेशर गेज लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला १०० पौंड, आणि गेजचा काटा २०० च्या पुढे जाऊन अडकला. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. आजच्या मोटारींच्या इंजिनांतली अशी बेअरिंगं त्याच समीकरणावर उभी आहेत, मग गाडी साधी असो की फेरारी.

जरा किचकट भाग येतोय, सांभाळून घ्या. फट जास्त झाली तर तेल बाजूने निसटतं आणि पाचर टिकत नाही. कमी झाली तर तेल घुसळून तापतं, पातळ होतं आणि थर तुटतो. मिनिटाला ७,००० फेऱ्यांना आपल्या ६० मिलिमीटरच्या जर्नलचा पृष्ठभाग ताशी ७९ किलोमीटरने सरकतो, आणि सगळ्यात अरुंद जागी तेलाचा थर उरतो एखाद-दोन मायक्रॉनचा. म्हणून मापात पाच मायक्रॉन इकडे-तिकडे झालेलंही महागात पडतं. आणि पाच मायक्रॉन म्हणजे किती? ६० मिलिमीटरचा पोलादी तुकडा दहा अंशांनी तापला की सात मायक्रॉनने वाढतो. मुठीत धरून ठेवलेला मापाचा तुकडा म्हणूनच खोटं बोलतो, आणि मोजमापाच्या खोल्या २० अंशांवर राखतात. म्हणजे हाताची ऊब हा इथे दोष ठरतो!

तरीही ब्लॉक आणि क्रँक यंत्रावर दोन-चार मायक्रॉनने कमी-जास्त होतातच. त्यावर तोडगा म्हणजे निवडून जोडणं. प्रत्येक जर्नलचं माप घेऊन क्रँकवर खूण टाकतात, ब्लॉकवरही टाकतात, आणि दोन्ही खुणा बघून योग्य जाडीचं शेल उचलतात. शेलांच्या जाड्या मायक्रॉनच्या पायऱ्यांनी केलेल्या असतात, ओळखायला रंग. हे महागड्या इंजिनात होतं तसंच साध्या गाड्यांच्या कारखान्यातही होतं. बोल्टचंही तसंच. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोरातला ढोबळमानाने दहाच टक्के बोल्टला ताण देतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. तेलाचा थेंब कमी-जास्त झाला की हिशोब चुकला. म्हणून ठरावीक जोरानंतर ठरावीक अंश फिरवायचे, आणि हे इलेक्ट्रिक पाना स्वतःच मोजून थांबतो. आफाल्टरबाखलाही बोल्टांची नोंद संगणकात जाते. सही माणसाची, हिशोब पान्याचा.

मग हाताचं काम काय? नाना पेठेतला तो तंतू शोधणं. मधेच काहीतरी बरोबर नाही हे जाणवणं आणि तिथेच थांबणं. शिवाय वर्षाला दोन-तीन हजार इंजिनांसाठी सगळी लाइन यांत्रिक करणं परवडत नाही, हेही एक रोखठोक कारण आहे. ते जाहिरातीत सांगत नाहीत.

'इंजिनात कारागिराचा आत्मा उतरतो' असं ऐकलं की मला बंपरला लिंबू-मिरची लटकवून सकाळी थंड इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर नेणारे आठवतात. खंडेनवमीला आम्हीही पान्यांना हळद-कुंकू लावतो, हारफुलांशी माझं भांडण नाही. पण थंड, घट्ट तेल वरच्या भागांपर्यंत पुरतं पोचायच्या आत तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबलात, तर लिंबू काय करणार आणि ताकुमी तरी काय करणार?

पण मालकाला ते इंजिन खास वाटतं, ही गोष्ट खोटी नाही. ती वेगळ्या विज्ञानाची आहे. नॉर्टन, मोशॉन आणि एरिली या संशोधकांनी २०१२ मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांनी स्वतः घडी घातलेल्या वेड्यावाकड्या ओरिगामीला सरासरी २३ सेंट देऊ केले. तीच कलाकृती तिऱ्हाइताला दाखवली तर पाच सेंट. २०१५ च्या दुसऱ्या एका संशोधनात वस्तू हाताने बनवलीय एवढं कळल्यावरच ती लोकांना जास्त मोलाची वाटली, कारण तिच्यात बनवणाऱ्याची माया आहे असं त्यांना जाणवतं. 'घरगुती' पापडाला आपण चार पैसे जास्त देतो ते याच न्यायाने. तसं बघायला गेलं तर एएमजीचा बिल्ला असला की सही असतेच असंही नाही. २०२० मध्ये चाकणला भारतातली पहिली एएमजी, जीएलसी ४३ कूपे, जुळवली जाऊ लागली. तिचं व्ही-६ इंजिन 'एक माणूस, एक इंजिन' पद्धतीतलं नव्हतं. बॉनेट उघडून सही शोधणाऱ्याला ती सापडत नाही.

शेव्हरोले या अमेरिकी कंपनीने तर २०१० मध्ये मालकालाच कामाला लावलं. कॉर्व्हेट झी-०६ घेणाऱ्याने ५,८०० डॉलर जास्त भरायचे, मिशिगनमधल्या विक्समच्या कारखान्यात जायचं आणि तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली स्वतःच्या गाडीचं सात लिटरचं एलएस-७ इंजिन जुळवायचं. पाटीवर नाव स्वतःचं. भाच्याला हे सांगितल्यावर तो दहा मिनिटं डॉलरचे रुपये करत बसला. याच एलएस-७ ची एक दुखरी बाजू पुढे मालकांत फार गाजली, ती म्हणजे व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये व्हॉल्व्ह ज्यातून सरकतो ती नळी, लवकर झिजणं. विक्सममध्ये आवळलेल्या बोल्टांशी तिचा संबंध नव्हता. काही सिलिंडर हेडचं मशीनिंगच पुरवठादाराकडे मापाबाहेर गेलं होतं, असं कंपनीने नंतर सांगितलं. ती हेड विक्समला आली तीच तयार होऊन. त्यांच्यावर कुणाच्या नावाची पाटी नव्हती.