सीडी हरवली म्हणजे ड्रायव्हर गेले, असं नाही

"फॉरमॅट मारला अन् ड्रायव्हरची सीडी नसली, तर आवाज आणि वायफाय कायमचं जातं, मग 'ऑल इन वन' सॉफ्टवेअरच टाकावं लागतं." लातूर-नांदेडकडं हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. (ड्रायव्हर म्हणजे आवाज, वायफाय असे मशीनचे भाग विंडोजला चालवता यावेत म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर; 'ऑल इन वन' म्हणजे असे सगळे ड्रायव्हर एकत्र भरलेलं.) पूर्वी सीडीवाचून खरंच अडायचं, त्यामुळं हा समज पक्का बसला.

आता विंडोज १० आणि ११ला नेट मिळालं की बहुतेक ड्रायव्हर अपडेटमधूनच येतात. वायफायच बंद असेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टिथरिंग सुरू करा, म्हणजे मोबाइलचं नेट मशीनला मिळतं.

तरीही काही राहिलंच, तर विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनच्या भागांची यादी, उघडा. पिवळा त्रिकोण दिसेल त्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज. तिथं 'व्हीईएन'पुढची चार अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी: ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. 'डीईव्ही'पुढची चार म्हणजे नेमकी चिप. (यूएसबीच्या वस्तूंना हेच 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असतं.) मशीन खोलायची गरजच नाही.

मग लॅपटॉपच्या तळाचा मॉडेल नंबर बघून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून त्या चिपचा ड्रायव्हर उतरवा, फुकट मिळतो. अनोळखी 'ऑल इन वन'मधून नको ते प्रोग्रॅमही आत शिरतात. लेकरांच्या अभ्यासाच्या मशीनवर ते टाकू नका, ही कळकळीची विनंती.