अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला पाणी खात नाही, लाकूड खातं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकर आणि त्याहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. या तळ्यांच्या आसपासच्या गावांत घराच्या परसात किंवा गॅरेजच्या भिंतीला लागून उपडी घातलेली एखादी जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी हमखास दिसते. बारा-चौदा फूट लांब, दीड-दोन मिलिमीटर जाड पत्र्याची, रिव्हेट, म्हणजे दोन पत्र्यांतून घालून टोकं चेपलेल्या धातूच्या खिळी, ठोकून जोडलेली. कित्येक होड्या तर पन्नास-साठ वर्षांच्या. मोटरी बदलल्या, मालक बदलले, होडी तीच राहिली. हिवाळ्यात तळी गोठतात, मासेमारीचा मुख्य हंगाम मे महिन्याखेरीज सुरू होत नाही, आणि मधले महिने अशा होड्या गॅरेजमध्ये घेऊन त्यांची डागडुजी करण्यात जातात.

होडी आतून उघडली की एक विचित्र गोष्ट दिसते. इतकी वर्षं ज्या पत्र्याला थेट पाणी लागत होतं, तो बहुतेक ठिकाणी ठणठणीत असतो. जिथे पत्रा लाकडाखाली, ओल्या फोमखाली (होडी बुडू नये म्हणून बाकांखाली भरतात तो) किंवा गालिच्याखाली झाकलेला होता, नेमकी तिथेच पांढरी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं सापडतात. याचं कारण समजलं की दुरुस्तीत काय करायचं आणि, त्याहून महत्त्वाचं, काय टाळायचं हे ठरवता येतं.

या होड्या जन्मल्या त्या विमानांच्या कारखान्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियमचं उत्पादन प्रचंड वाढलं होतं. ग्रुमन ही लढाऊ विमानं बनवणारी कंपनी. तिचे उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगराळ भागात जड कनू खांद्यावरून वाहून नेता नेता थकले, आणि हीच नाव अ‍ॅल्युमिनियमची का करू नये, हा विचार त्यांच्या मनात आला. १९४५ मध्ये ग्रुमनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कनू बाजारात येऊ लागल्या. १९४८ मध्ये मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स या लहानशा गावात हॉवर्ड लुंड यांनी मासेमारीच्या होड्या बनवायला सुरुवात केली. पत्रे वाकवणं, रिव्हेट ठोकणं ही कसबं युद्धामुळे हजारो कामगारांच्या हातात आलेलीच होती.

मात्र विमानाचा आणि होडीचा पत्रा एक नव्हे. विमानासाठी गाजलेल्या ड्युरॅल्युमिनमध्ये सुमारे चार टक्के तांबं असतं. त्याने ताकद येते, पण ओलाव्यात गंजण्याची खोडही लागते. होड्यांसाठी बऱ्याचदा ५०५२ या क्रमांकाचा मिश्रधातू वापरतात. त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि तांबं जवळजवळ नसतंच.

अ‍ॅल्युमिनियम हा खरं तर लोखंडापेक्षाही उतावीळ धातू आहे. ताजा घासलेला पत्रा हवेला लागताच क्षणार्धात ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड मात्र घट्ट चिकटून राहतो, आणि ओरखडा उठला तर तिथे लगेच नवा थर धरतो. होडीचं आयुष्य या थरावर उभं आहे. तो टिकतो कधी? साधारण चार ते साडेआठ सामू असलेल्या पाण्यात, आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजन मिळत राहिला तर. आंबट किंवा खारट पदार्थ जर्मलच्या भांड्यात रात्रभर ठेवला की भांड्याला खळगे पडतात, तेही हाच थर जागोजागी विरघळल्यामुळे.

आता ओल्या फोमखाली काय होतं ते पाहा. तिथलं पाणी साचलेलं असतं. त्यातला ऑक्सिजन लवकर संपतो, थर दुरुस्त होत नाही. शेजारच्या मोकळ्या पत्र्याला ऑक्सिजन मिळत असतो. या फरकामुळे एकाच पत्र्याच्या दोन भागांत एक छोटी बॅटरी तयार होते आणि झाकलेला भाग विरघळू लागतो. खळग्यातलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं, मग तर थर धरण्याची आशाच उरत नाही. पांढरी भुकटी ही त्या विरघळलेल्या धातूचीच राख, अ‍ॅल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड.

लाकडाखाली हे सगळं घडतंच, शिवाय तांब्याची भर पडते. अशा होडीच्या मागच्या उभ्या भागात, जिथे आउटबोर्ड मोटर अडकवतात, पत्र्याला प्लायवुडच्या जाड फळीचा आधार असतो. या भागाला ट्रान्सम म्हणतात. फळी कुजली की मालक साहजिकच न कुजणारं लाकूड शोधतो. अमेरिकेत बांधकामाच्या दुकानात सहज मिळतं ते दाबाखाली रसायन मुरवलेलं, हिरवट झाक असलेलं लाकूड. त्या रसायनात तांबं असतं, कारण तांबं बुरशीला मारतं. पूर्वी त्यात क्रोमियम आणि आर्सेनिकही असे. घरगुती वापरासाठी ते २००३ अखेर बंद झालं, आणि त्याजागी आलेल्या रसायनांत तांब्याचं प्रमाण आणखी वाढलं. बुरशीपासून वाचवणारी ही फळी पत्र्याच्या मुळावर येते. लाकडातून झिरपणारे तांब्याचे आयन अ‍ॅल्युमिनियमवर येऊन बसतात, तिथे शुद्ध तांब्याचे सूक्ष्म ठिपके तयार होतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पत्रा पोखरला जातो. म्हणून ट्रान्समसाठी तांबं नसलेलं, जलरोधक गोंदाचं मरीन प्लायवुड घ्यावं. त्याच्या सगळ्या कडांना आणि बोल्टच्या प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूला इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारी राळ, पाजावी. आणि जुनी फळी हिरवट दिसली तर ती शेकोटीत टाकू नये. आर्सेनिक राखेत आणि धुरात राहतं.

दोन धातू एकत्र आले की काय होतं, याचा सर्वांत महागडा धडा होडी-बांधणीच्या इतिहासात १८९५ मध्ये मिळाला. अमेरिकाज कप या शर्यतीसाठी नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी डिफेंडर नावाची नौका बांधली. पाण्याखालचा भाग ब्राँझचा, वरचा अ‍ॅल्युमिनियमचा, सांगाडा पोलादी. वजन वाचलं, डिफेंडरने ब्रिटनच्या व्हल्किरी ३ ला हरवून शर्यत जिंकली. पण खाऱ्या पाण्यात ब्राँझ, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून होते. अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं गेलं आणि १९०१ मध्ये नौका मोडीत निघाली. आपल्या चौदा फुटी होडीतही हाच खेळ चालतो, फक्त सावकाश, कारण तळ्याच्या गोड्या पाण्यातून वीज कमी वाहते.

या खेळाचा एक नियम सहसा उलटा समजला जातो. किती झीज होईल हे दोन धातूंच्या क्षेत्रफळांवर अवलंबून असतं. मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात चार स्टेनलेस स्टीलचे बोल्ट असले तर झीज मोठ्या पृष्ठभागावर विभागली जाते. पण पत्र्याला रंग लावला आणि त्यावर एकच ओरखडा राहिला, तर सगळा मारा त्या ओरखड्यावर होतो. म्हणून बोल्ट सीलंटमध्ये (फटी बुजवणाऱ्या लेपात) बुडवून, वॉशरखाली नायलॉन घालून बसवणं हे पत्रा रंगवण्यापेक्षा अधिक मोलाचं. तळाशी सांडलेली शिशाची वजनंही वेचून काढावीत. गळाला लावायचं शिसं ओल्या कोपऱ्यात महिनोन् महिने पत्र्याला टेकून राहिलं तर त्याच्याखाली खड्डा पडतो.

गळती शोधण्याची पद्धत मला फार आवडते, कारण ती बिनखर्चाची आहे. होडी ट्रेलरवर ठेवायची, मागचं बूच लावायचं, आत पाणी भरायचं आणि खाली वाकून कुठे थेंब येतात ते खडूने खुणावायचं. फक्त वजनाचं भान हवं. इतक्या लांबीच्या होडीत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण ४०० किलो, आणि एरवी पाणी तळाला बाहेरून सगळीकडून उचलून धरतं ते इथे नसतं. ट्रेलरच्या दोन-तीन आधारांवर सगळा भार येतो. तेव्हा मधे ओंडके लावावेत आणि पाणी कमीच भरावं.

थेंब बहुतेक रिव्हेटपाशी दिसतात. भरीव रिव्हेट ठोकताना त्याचा दांडा फुगतो आणि भोक गच्च भरतो. सीलंट नसतानाही तो पाणी अडवू शकतो ते यामुळे. वर्षानुवर्षं लाटांचे दणके बसले की भोक किंचित मोठं होतं आणि रिव्हेट हलू लागतो. इथे अ‍ॅल्युमिनियमचा स्वभाव आड येतो. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही, अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. लहान दणकेही साठत जातात.

ढिला रिव्हेट आधी पुन्हा ठोकून पाहावा. याला दोन माणसं लागतात. एकजण बाहेरून हवेच्या हातोड्याने ठोकतो, दुसरा आतून जड पोलादी ठोकळा, म्हणजे डॉली, घट्ट टेकवून धरतो. दोघांची लय जुळली की काही सेकंदांत रिव्हेट बसतो. बदलायचाच असेल तर भरीव रिव्हेटच घ्यावा. बाजारात सगळीकडे मिळणारा साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो आणि त्या पोकळीतूनच पाणी येतं. एका बाजूने हात पोचत नसेल तिथे बंद टोकाचा प्रकार वापरावा.

वेल्डिंगचा मोह अनेकांना होतो. मी तो टाळायला सांगेन. ऑक्साइड सुमारे २०७० अंश सेल्सिअसला वितळतो, खालचा धातू ६६० अंशांच्या आसपासच. वरची साय वितळायच्या आत खाली पत्रा गळून पडलेला असतो, म्हणून त्याला वेगळं यंत्र आणि मुरलेला हात लागतो. तो हात मिळाला तरी दुसरी अडचण उरते. ५०५२ च्या पत्र्याला ताकद येते ती कारखान्यात थंड अवस्थेत लाटल्यामुळे. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा पट्टा पुन्हा मऊ पडतो आणि वाकण्याला विरोध करण्याची त्याची ताकद निम्म्याहून कमी होते. नवी भेग पुढे त्या मऊ पट्ट्यातच जाते. पातळ जुन्या पत्र्याला त्याच जातीच्या पत्र्याचं ठिगळ, मधे सीलंट आणि भोवती रिव्हेट, हा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो.

बाकांखालचा फोम मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. अमेरिकेत १९७१ च्या नौका सुरक्षा कायद्यानंतर लहान होड्यांना तरंगण्याची तजवीज सक्तीची झाली. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये, माणसांना धरायला काहीतरी राहावं, हा हेतू. एक घनमीटर पॉलियुरेथेन फोमचं वजन ३० किलोच्या आसपास असतं आणि तो जवळपास ९७० किलो उचलून धरतो. त्याच्या बंद पेशींत पाणी शिरत नाही असं म्हणतात, पण हिवाळ्यात फटीतलं पाणी गोठून नऊ टक्क्यांनी प्रसरण पावतं, पेशींच्या भिंती फुटतात, पुढच्या हिवाळ्यात पाणी आणखी आत जातं. असा फोम पिळावा इतका जड होतो. तो काढला आणि परत काही भरलंच नाही, अशा होड्या मी पाहिल्या आहेत. हे जिवावर बेतणारं आहे. नवा फोम घालताना खाली पाणी वाहून जायला वाट ठेवावी. पॉलिस्टायरिनचे तक्ते स्वस्त पडतात, पण पेट्रोल सांडलं की ते विरघळतात. ज्या होडीत पेट्रोलची टाकी आहे तिथे हे विसरून चालणार नाही.

साफसफाईत दोन धोके आहेत. पत्रा चकचकीत करणाऱ्या अनेक द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत जातं, वेदना उशिरा सुरू होतात आणि रक्तातलं कॅल्शियम घसरून माणूस दगावू शकतो. बंद गॅरेजमध्ये ते आणूच नये. पातळ व्हिनेगर आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. दुसरा धोका जुन्या रंगाचा. त्यात शिसं किंवा झिंक क्रोमेट असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. साध्या लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे कण पत्र्यात रुतून गंजतात.

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आतून रंग देण्याची गरजच नसते. बाहेरून द्यायचा तर पत्रा घासल्यावर लगेच, ऑक्साइड जाड व्हायच्या आत, धातूला पकडणारा एचिंग प्रायमर लावावा. शेवाळ रोखणारे तांबंयुक्त रंग अ‍ॅल्युमिनियमवर कधीही नाहीत. गॅरेज थंड असेल तर इपॉक्सीचं काम पुढे ढकलावं, दहा अंशांखाली बहुतेक इपॉक्सी नीट धरत नाही.

शेवटी वीज. दिवे आणि मासे शोधण्याचं यंत्र बसवताना मोटारगाडीत करतात तसा होडीच्या पत्र्याचा परतीची तार म्हणून उपयोग करू नये. अ‍ॅल्युमिनियममधून पाण्यात एक अँपिअर प्रवाह वर्षभर गळत राहिला तर फॅरेडेच्या नियमाने जवळपास तीन किलो धातू विरघळतो. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र दोन तारा आणि फ्यूज द्यावा. मोटरला लावायचा बळीचा धातू, म्हणजे स्वतः आधी झिजून मोटर आणि पत्रा वाचवणारा ठोकळा, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा असावा. जस्ताचा ठोकळा समुद्रात चालतो, तळ्यात तो सुस्त पडतो.

होडीचा पत्रा धरला साधारण १०० किलो. खनिजापासून इतकं अ‍ॅल्युमिनियम काढायला सुमारे १,४०० युनिट वीज लागते, महिन्याला सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराची जवळपास वर्षभराची. ती वीज कधीच खर्चून झाली आहे. हंगाम संपला की होडी उपडी घालावी, बूच काढून ठेवावं आणि तिला थेट काँक्रीटवर टेकवू नये, कारण ओल्या काँक्रीटमधलं अल्कधर्मी पाणी ऑक्साइडचा थर विरघळवतं. खाली लाकडाचे ओंडके चालतील, हिरवे सोडून कुठलेही.