सुरक्षा फिल्म, दुकानाच्या काचेवरील

दुकानाच्या दर्शनी काचेला आतून चिकटवलेला पारदर्शक पॉलिएस्टरचा थर आणि त्या थराची कड चौकटीला जखडणारी जोडणी, असे या संरक्षणाचे दोन भाग असतात. गिऱ्हाईक फिल्मची जाडी विचारते, जोडणीबद्दल क्वचितच विचारते. काच जागेवर टिकणार की नाही, हे मात्र बहुधा जोडणीवरच ठरते.

फिल्म लावली तरी काच फुटतेच. फरक एवढाच, की तुकडे चिकटून राहतात, उडत नाहीत आणि आत शिरायला भगदाड पाडायचे तर वारंवार घाव घालावे लागतात. चोराचा वेळ खाणे हाच तिचा खरा उपयोग; ती बंदुकीची गोळी अडवत नाही. जाडी ‘मिल’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ४ मिल म्हणजे सुमारे १०० मायक्रॉन, ८ मिल म्हणजे सुमारे २०० मायक्रॉन. उन्हासाठी लावायची साधी फिल्म याहून बरीच पातळ असते. लंडनमध्ये एप्रिल १९९२ मध्ये बाल्टिक एक्स्चेंजजवळ आणि एप्रिल १९९३ मध्ये बिशप्सगेट येथे मोठे बॉम्बस्फोट झाले. अशा स्फोटांत उडणाऱ्या काचा माणसांना किती जखमी करतात हे ब्रिटनने जवळून पाहिले, आणि तेथील कार्यालयांत अशी फिल्म व तिच्या जोडीला स्फोटरोधक जाळीदार पडदे लावले जात.

काच कोणती आहे, हे आधी पाहावे लागते. साधी काच फुटली तर तिचे मोठे तुकडे एकमेकांत अडकून काही काळ उभे राहतात. टफन काचेचे, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या काचेचे, तसे नाही. ती एका घावात सगळीच्या सगळी बारीक दाण्यांची होते, ताठपणा जातो आणि फिल्मला चिकटलेली अख्खी काच ओल्या गोधडीसारखी चौकटीतून खाली कोसळते. म्हणून टफन काचेवर नुसती फिल्म लावून थांबणे म्हणजे निम्मे काम सोडून देणे होय.

बसवताना काच साबणाच्या पाण्याने व पात्याने खरवडून स्वच्छ करतात. कोपऱ्यात राहिलेला धुळीचा कण नंतर कायमचा दिसतो. पाणी फवारून फिल्म सरकवत जागेवर आणतात आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे दाबत पाणी काढतात. नुसत्या फिल्मच्या कामात कडेला एखाद-दोन मिलिमीटर फट राहते. जोडणी नेमकी तेथे लागते. एका पद्धतीत फिल्म आणि चौकट यांच्यावर मिळून स्ट्रक्चरल सिलिकॉनचा, म्हणजे सुकल्यावर रबरासारख्या होणाऱ्या भक्कम चिकट द्रव्याचा, त्रिकोणी पट्टा ओढतात. दोन्हींवर साधारण एकेक सेंटिमीटर पकड मिळावी लागते. काचेच्या कडेची रबरी पट्टी (बीडिंग) आड आली तर ती कापून मागे घ्यावी, कारण सिलिकॉन रबराला नीट धरत नाही. त्याला धातूच हवा. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन येथे वापरू नये. दुसऱ्या पद्धतीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या स्क्रूने चौकटीत आवळून फिल्मची कड त्यांखाली दाबतात. ही जोडणी अधिक भक्कम, पण डोळ्यांत भरणारी. दोन्हींत चौकट स्वतः भिंतीत घट्ट नसेल तर सगळा खर्च वाया जातो.

सुरुवातीला फिल्मखाली धुरकटपणा व पाण्याचे बुडबुडे दिसतात. ते बिघाडाचे लक्षण नाही. जाड फिल्म पूर्ण सुकायला महिना-दोन महिने लागू शकतात.

महाराष्ट्रातील बाजारपेठांत रात्रीची भिस्त अजून लोखंडी शटरवर आहे. नव्या शोरूममध्ये पॅच फिटिंगवर, म्हणजे काचेचे कोपरे धरणाऱ्या धातूच्या जोडांवर, तोललेल्या, चौकट नसलेल्या १२ मिमी टफन काचा सर्रास दिसतात; तेथे जोडणीला पकडायला कडच नसते. अशा ठिकाणी दोन काचांमध्ये थर असलेली लॅमिनेटेड काच बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घातलेली फिल्मबंदी वाहनांच्या काचांपुरती होती, दुकानांच्या नव्हे. आग लागली तर मात्र जखडलेली काच अग्निशमन जवानांनाही सहज फोडता येत नाही. त्यामुळे बाहेर पडण्याची वाट अशा काचेवर कधीही अवलंबून ठेवू नये.