बोर्ड गेला की एसएमपीएस?

पॉवर बटन दाबलं, पंखे फिरले, बोर्डावरचा दिवाही लागला, पण स्क्रीन काळीच. घरी पीसी जोडणारे आपण बहुतेक जण अशा वेळी थेट निकाल देऊन मोकळे होतो: मदरबोर्ड गेला. मीही एकदा दिला होता. पंखे फिरतायत म्हणजे एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारं खोकं) ठीक, रॅम बदलून झाली, मग उरला बोर्ड, असा माझा हिशोब होता. सगळं खोललं, प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसली, दुसरा बोर्ड बसवला, एकेक वायर पुन्हा लावली आणि बटन दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, स्क्रीन काळी! मग मल्टिमीटर काढला. एसएमपीएस नुसता चालू केला की १२ व्होल्टच्या वायरवर १२.१ दिसायचे, आणि बोर्ड जोडून बटन दाबलं की ११.१. काढून बाजूला ठेवलेल्या बोर्डात काहीच बिघाड नव्हता.

या दोघांची गल्लत होते कारण दोघांचं काम एकमेकांत गुंतलेलं आहे. एसएमपीएस भिंतीतल्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. प्रोसेसरला मात्र साधारण एक-सव्वा व्होल्टच लागतात. ते काम बोर्डावरची व्हीआरएम करते, म्हणजे प्रोसेसरच्या सॉकेटभोवती हीटसिंकखाली बसलेली कॉइल, मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे छोटे स्विच) आणि कॅपॅसिटरची रांग. ती १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देते. म्हणजे वीज पुरवणारे दोन टप्पे झाले. कुठलाही एक अडला तरी बाहेरून दिसतं तेच: पीसी बंद, किंवा चालू पण स्क्रीन काळी.

शिवाय दोघांमध्ये एक बोलणं चालतं. ते समजलं की अर्धा संशय तिथेच फिटतो. २४ पिनांच्या जाड कनेक्टरमधल्या तीन वायर त्यासाठी ओळखून ठेवा. जांभळी, ९ नंबरची पिन: एसएमपीएसच्या मागचं बटन चालू असेपर्यंत हिच्यावर सतत ५ व्होल्ट असतात, पीसी बंद असला तरी. बोर्डावरचा छोटा दिवा बहुधा हिच्याच जिवावर जळतो, त्यामुळे दिवा लागला म्हणजे बाकीचे व्होल्ट नीट आहेत असं अजिबात ठरत नाही. हिरवी, १६ नंबरची, दोन काळ्या वायरींच्या मधली: तुम्ही पॉवर बटन दाबता तेव्हा बोर्ड ही वायर शून्यावर खेचतो, म्हणजेच एसएमपीएसला सांगतो, 'आता उठ'. आणि करडी, ८ नंबरची, काळी आणि जांभळी यांच्या मधली: व्होल्ट स्थिरावले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस हिच्यावर ५ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे 'मी तयार आहे'. हा निरोप येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो, म्हणजे काम सुरूच करू देत नाही. पंखे मात्र १२ व्होल्ट मिळताच फिरू लागतात. म्हणून पंखे फिरत असताना स्क्रीन काळी राहणं हा एसएमपीएसचाही दोष असू शकतो. हे मला आधी माहीत असतं तर तो बोर्ड खोललाच नसता.

हल्ली पुष्कळ एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच येतात. तिथे रंगावर न जाता पिनांचे नंबर मोजावे लागतात.

आता तपासणी. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या धातूला किंवा कुठल्याही काळ्या वायरीला, लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने वायरीच्या शेजारून आत. कनेक्टर बोर्डाला लावलेलाच ठेवायचा. प्रोब शेजारच्या पिनेला टेकू देऊ नका, घाई इथेच नडते. आधी जांभळी बघा. तिथे ५ व्होल्ट नसतील तर २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढून पुन्हा मोजा. तरीही नसतील आणि भिंतीचं सॉकेट, वायर, मागचं बटन ठीक असेल, तर एसएमपीएस गेला, बोर्डाकडे बघायचंही कारण नाही. काढल्यावर मात्र ५ आले, तर बोर्डातलं काहीतरी त्यांना खाली ओढतंय.

जांभळी ठीक निघाली तर प्रोब हिरवीवर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी बटन दाबायला सांगा. बटन दाबण्याआधी तिथे काही व्होल्ट दिसतात, दाबल्यावर ते शून्याजवळ यायला हवेत. आकडा हललाच नाही, तर बोर्ड एसएमपीएसला उठवतच नाहीये. अर्थात आधी कॅबिनेटचं बटनच खराब नाही ना हे बघा: फ्रंट पॅनलच्या पिनांमधून पॉवर स्विचची वायर काढा आणि त्याच दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. तरी हिरवी हलली नाही, तर संशय बोर्डावर येतो आणि तो रास्त आहे. उलट हिरवी शून्यावर आली पण १२ व्होल्ट आलेच नाहीत, किंवा पंख्याने एक गिरकी घेतली आणि तो थांबला, तर दोन शक्यता: एसएमपीएस मेला आहे, किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतोय. दुसरी शक्यता असेल तर एसएमपीएस त्याचं काम चोख करतोय. पुढच्या सगळ्या वायरी एकेक करून काढा. कुठली काढल्यावर तो टिकतो, ते बघा.

इथे अनेक जण हिरवी आणि काळी पिन तारेच्या तुकड्याने जोडून एसएमपीएस एकटा चालवून पाहतात. करायला हरकत नाही, फक्त त्या चाचणीकडून जास्त अपेक्षा करू नका. तशीही ती मेलेला एसएमपीएस पकडते, आजारी पकडत नाही. माझा तिच्यात अगदी छान पास झाला होता. खरे आकडे भार असतानाच कळतात. मर्यादा दोन्हीकडे पाच टक्के: १२ व्होल्टच्या (पिवळ्या) वायरीवर ११.४० ते १२.६०, पाचच्या वायरीवर ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ च्या वायरीवर साधारण ३.१४ ते ३.४७. बोर्ड जोडलेला असताना आकडा याखाली गेला, तर दुसरा, नीट चालणारा एसएमपीएस लावून तोच आकडा पुन्हा बघा. आकडा सावरला की उत्तर मिळालं.

एक सूचना कळकळीने. एसएमपीएसचं खोकं उघडू नका. २३० व्होल्टच्या विजेवर त्याच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ राहू शकतात. दुसरी सूचना मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या वायरींबद्दल. एका कंपनीच्या एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला बसतात, पण एसएमपीएसकडच्या टोकाची जुळणी सगळ्यांची सारखी नसते. तपासणीसाठी दुसरा एसएमपीएस आणताना त्याच्याच वायरी आणा, नाहीतर ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन हार्ड डिस्क किंवा एसएसडी जळू शकते.

लक्षणांवरूनही थोडा अंदाज येतो, निकाल नाही. एरवी नीट चालणारा पीसी गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंगच्या वेळीच धाडकन बंद पडत असेल, आणि मागचं बटन बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय उठत नसेल, तर मी आधी एसएमपीएसकडे बघेन. त्याची संरक्षण व्यवस्था अशीच अडकून बसते. उलट रॅमचा एकच स्लॉट काम करत नाही, मागचे काही यूएसबी पोर्ट गेलेत, लॅन गायब होतंय, पण बाकी पीसी चालतोय, अशा तुटक तक्रारी बोर्डाच्या असतात. एसएमपीएस बिघडला तर तो असा एखादा कोपरा निवडून बंद पाडत नाही.

बोर्डाची अडचण ही, की त्याच्यावर थेट बोट ठेवणारी चाचणी घरी जवळपास नसतेच. बाकी सगळे निर्दोष ठरल्यावर जो उरतो, तो बोर्ड. म्हणून बाकीचे खरोखर निर्दोष ठरवा. तेही कॅबिनेटच्या बाहेर: बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा, चमकत्या अँटिस्टॅटिक पिशवीवर नाही, कारण तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. वर फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी, आणि दोन पॉवर कनेक्टर, २४ पिनांचा आणि प्रोसेसरसाठीचा ८ पिनांचा. अशा अवस्थेत पीसी चालला, तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा बाजूला काढलेल्या भागांत आहे. कधी बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) भलत्या भोकाखाली राहिलेला असतो आणि पाठीमागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करत असतो.

मला सगळ्यात आवडणारी चाचणी साधी आहे. बोर्डाला चिमुकला स्पीकर लावा, रॅम पूर्ण काढा, चालू करा. बोर्डाने बीप-बीप करून रॅम नसल्याची तक्रार केली, तर बोर्ड, प्रोसेसर आणि बायोस (पीसी सुरू करणारं, बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) हे तिघेही जिवंत आहेत. एवढ्या एका आवाजात इतकी माहिती मिळते! स्पीकर नसेल तर हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे चार छोटे दिवे असतात. जिथे दिवा अडकून राहतो तिथे गाडी अडली आहे. फक्त सीपीयूचा दिवा लागला म्हणून प्रोसेसर फेकू नका. ८ पिनांचा कनेक्टर नीट न बसल्यावर किंवा बायोस त्या प्रोसेसरपेक्षा जुना असल्यावरही बोर्ड त्याच टप्प्यावर थांबतो.

नवीन जोडलेल्या पीसीत तर बोर्डावर खोटे आळ फार येतात. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं, जसं इंटेलच्या नावात एफ असलेल्यांत, आणि मॉनिटरची वायर बोर्डाच्या एचडीएमआयला लावलेली असते. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना स्वतःची जुळवणी करायला काही मिनिटंही घेते, तोवर स्क्रीन काळी असते आणि माणूस धीर सोडून प्लग काढतो. तारीख-वेळ सतत मागे जात असेल तर आधी सीआर२०३२चा ३ व्होल्टचा सेल बदला.

बोर्ड गेल्याचे डोळ्यांनी दिसणारे पुरावेही असतात. टॉर्च तिरका धरून बघा. कॅपॅसिटरचं डोकं सपाट न राहता फुगलेलं किंवा वरून तपकिरी द्रव आलेला (२००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटमुळे असे बोर्ड पुष्कळ निघाले), व्हीआरएमजवळ करपल्याचा डाग, किंवा सॉकेटमधली वाकडी पिन. एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, एलजीए१७०० मध्ये १७००. त्या ओळीने झुकलेल्या, शेतातल्या ओळींसारख्या दिसतात. प्रकाश फिरवला की त्या एकसारख्या चमकतात. जी वेगळी चमकते, ती वाकलेली. प्रोसेसर काढून १२ व्होल्टच्या ८ पिनांच्या सॉकेटमध्ये, पीसी पूर्ण बंद आणि प्लग काढलेला असताना, पिवळ्या आणि काळ्या वायरींसमोरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने कंटिन्यूइटी (दोन्ही थेट जोडल्या गेल्यात का ते) बघा. मीटर सतत वाजत राहिला तर व्हीआरएममध्ये शॉर्ट आहे.

आणि असा शॉर्ट सापडला, तर त्या बोर्डात चांगला प्रोसेसर 'एकदा लावून बघू' म्हणून लावू नका. १२ व्होल्टच्या बाजूचा मॉसफेट शॉर्ट असेल तर एक-सव्वा व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट सरळ प्रोसेसरवर जाऊ शकतात. म्हणूनच सुटे भाग बदलून बघायचे तर माझा क्रम ठरलेला आहे: आधी एसएमपीएस, मग रॅम, शेवटी बोर्ड. संशयित बोर्डात नवा प्रोसेसर लावण्यापेक्षा संशयित प्रोसेसर चांगल्या बोर्डात लावून पाहणं कमी धोक्याचं.

बोर्डच निघाला आणि वॉरंटी बाकी असली, तर पाठवण्याआधी सॉकेटचा जवळून, स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा. पिन वाकलेली दिसली की वॉरंटी बहुधा नाकारतात, आणि ती वाटेत वाकली की आधीच होती हा वाद फोटोशिवाय मिटत नाही. बोर्डाबरोबर आलेलं सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण परत लावा. बोर्ड नवा घेतला त्या दिवशी ते झाकण खोक्यातच जपून ठेवलेलं असेल, तर आता शोधाशोध करावी लागणार नाही.