घरच्या जुन्या ट्रॅक्टरचे साल कसे ठरते: मॉडेल, नंबर आणि कागदपत्रांमागचा इतिहास

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर या पट्ट्यात आजोबांच्या हयातीत घेतलेला एखादा ट्रॅक्टर अजून पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेली घरे पुष्कळ आहेत. तो कोणत्या सालचा, असे विचारले की एकाच घरात तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात. कारण मॉडेलचा आराखडा एका सालचा, प्रत्यक्ष जुळणी दुसऱ्या सालची आणि आरटीओतली नोंद तिसऱ्याच सालची असते. ही साले एकमेकांपासून दुरावली कशी, हे समजण्यासाठी ट्रॅक्टर आपल्याकडे कोणत्या टप्प्यांनी आला ते पाहावे लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात शेतकऱ्याला मिळणारा ट्रॅक्टर बाहेरूनच येत असे. ब्रिटनच्या कव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात बनलेला करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२० आणि त्याच काळातला फोर्डसन मेजर ही त्यांतली ठळक नावे. अशा यंत्रांची ओळख तुलनेने सोपी असते. टीई-२० च्या क्रमांकाआधीची अक्षरेच बरेच सांगून जातात: टीईए म्हणजे स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन, टीईडी म्हणजे रॉकेलसदृश तेलावर चालणारे आणि टीईएफ म्हणजे डिझेल. शिवाय कोणत्या वर्षी कोणत्या क्रमांकापासून उत्पादन सुरू झाले, याचे तक्ते उपलब्ध आहेत. पुढे साठच्या दशकात चेकोस्लोव्हाकियाचे झेटॉर आणि सोव्हिएत संघाचे बेलारूस, डीटी-१४ हेही आले.

देशी उत्पादनाची सुरुवात १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरने, जर्मन आयशरच्या सहकार्याने केली. १९६० मध्ये मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे उभी राहिली. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. एस्कॉर्ट्सचा फोर्ड ३००० आणि पिंजोरच्या एचएमटीचा झेटॉर २५११ हे दोन्ही १९७१ चे. परदेशी सहकार्याशिवाय, दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या आराखड्यावर बनलेला स्वराज ७२४ मात्र १९७४ मध्ये आला. आयातीवरचे निर्बंध याच सुमारास कडक झाल्यामुळे सत्तरच्या दशकात नवा घेतलेला ट्रॅक्टर बहुधा देशी जुळणीचा असतो.

खरी फसगत होते ती या सहकार्याच्या मॉडेलांत. इंटरनॅशनल बी-२७५ ब्रिटनमध्ये १९५८ ला आला आणि तिकडे तो दहाएक वर्षांत बंद पडला. आपल्याकडे तोच आराखडा पुढे कितीतरी वर्षे चालू राहिला आणि ‘२७५’ हा आकडा महिंद्राच्या बॉनेटवर आजही दिसतो. टॅफेच्या १०३५ ची गोष्ट अशीच आहे. त्याचा पूर्वज एमएफ-३५ ब्रिटनमध्ये १९६४ अखेर थांबला, तर १०३५ अजून शोरूममध्ये मिळतो. म्हणूनच घरच्या बी-२७५ चा क्रमांक ब्रिटिश तक्त्यात शोधून ‘हा साठ सालचा’ असे ठरवणाऱ्यांची मला काळजी वाटते. तो तक्ता त्या यंत्राचा नव्हेच. बॉनेटवरच्या नावापुढे ‘डीआय’ असेल, तर तेवढ्यावरूनही काही कळते: ते थेट इंधन-फवारणीच्या इंजिनाचे चिन्ह आहे आणि बी-२७५ च्या मूळ ब्रिटिश इंजिनाची पद्धत तशी नव्हती.

रंगावर तर मुळीच विसंबू नये, कारण दसऱ्याला नवा रंग देण्याच्या हौसेपुढे कंपनीचा मूळ रंग फार वर्षे टिकत नाही. आधी कंपनीची धातूची पट्टी शोधावी. रॉकेलच्या बोळ्याने तेलकट थर काढून, झिजलेल्या आकड्यांवर खडूची पूड चोळली की खोलगट रेघांत पांढरे भरते आणि तीन की आठ, हा घोळ पुष्कळदा सुटतो. पट्टी गेली असेल तर लोखंडावर ठोकलेला चेसिस नंबर पाहावा. इंजिन नंबर दुय्यम धरावा, कारण इंजिने बदलली जातात. ओतीव भागांवरच्या खुणांबाबतही तेवढीच सावधगिरी हवी. बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरची शिरोली ही ओतकामाची ठिकाणे हाकेच्या अंतरावर असताना मोडलेला भाग इथेच ओतून घेतलेला असणे अशक्य नाही.

कागद बोलतात ते सीमाभागाच्या पद्धतीने. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झाले. त्यामुळे जुन्या पावतीवरच्या शिक्क्यात राज्याचे नाव कोणते, एवढ्यावरून काळाची कुंपणे घालता येतात. कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरचा बोजा जमिनीच्या उताऱ्यावर चढलेला असतो आणि त्या फेरफाराची तारीख खरेदीच्या जवळची असते. केए-२२ बेळगावचा आणि केए-२३ चिकोडीचा, ही मालिका १९८९ च्या नियमांनंतरची; पण म्हणून केए-२३ चा ट्रॅक्टर त्यानंतरच बनला असे होत नाही. कोल्हापूर-सांगलीकडून जुना घेऊन इकडे पुन्हा नोंदवलेल्या ट्रॅक्टरलाही तोच नवा क्रमांक मिळतो, तेव्हा आरसी बुकात नोंदणीच्या तारखेऐवजी उत्पादनाच्या वर्षाचा रकाना पाहावा आणि तो चेसिस नंबरशी ताडून घ्यावा.