क्रोममध्ये चालते, सफारीत अडते: ॲडमिन पॅनलमधला नेटवर्क एरर कसा शोधावा

वेबसाइट वाचकांना व्यवस्थित दिसते. तिचा मजकूर सांभाळण्याच्या ॲडमिन पॅनलमध्ये लॉगिनही होते. पण मजकूर बदलून ‘अपडेट’ दाबले की क्रोममध्ये ‘फेल्ड टू फेच’, फायरफॉक्समध्ये ‘नेटवर्क एरर’, तर सफारीत नुसतेच ‘लोड फेल्ड’. तिन्हींचा अर्थ एकच: पानाने मागे पाठवलेल्या रिक्वेस्टला उपयोगी पडेल असे उत्तर मिळाले नाही. नेमके कारण ब्राउझरने मुद्दामच लपवलेले असते. ते पानाला कळू दिले, तर कुठलीही वेबसाइट तुमच्या घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर काय काय जोडलेले आहे हे चाचपून पाहू शकेल.

हा त्रास पॅनलमध्येच जास्त होतो, कारण वाचकाला दिसणारे पान बहुधा कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतीतून येते, तर पॅनलमधल्या प्रत्येक बटणाची रिक्वेस्ट कुकीसकट (लॉगिनची ओळख सांगणाऱ्या, ब्राउझरने जपलेल्या नोंदीसकट) सर्व्हरपर्यंत जाते. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर 2018 च्या 5.0 आवृत्तीपासून ब्लॉक एडिटर आला आणि लेख सेव्ह करण्याचे कामही पडद्यामागच्या रेस्ट एपीआयवर, म्हणजे पान आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या मार्गावर गेले. तिथे गडबड झाली की पान उघडे राहते, सेव्ह मात्र होत नाही.

म्हणून एरर संदेशावर वेळ न घालवता एफ12 दाबा आणि ‘नेटवर्क’ टॅब उघडा. (सफारीत एफ12 चालत नाही; तिथे ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधून डेव्हलपर सुविधा चालू करून ‘डेव्हलप’ मेन्यूतून तो उघडावा लागतो.) ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करून तेच बटण पुन्हा दाबा. लाल झालेल्या ओळीच्या ‘स्टेटस’मध्ये 403, 400, 500 असा आकडा असेल तर कुणीतरी उत्तर दिले आहे: सर्व्हरने, नाहीतर वाटेतल्या फायरवॉलने. आकडाच नसेल तर रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही किंवा आलेले उत्तर ब्राउझरने नाकारले. यातले नेमके काय झाले ते सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये (आलेल्या रिक्वेस्टच्या नोंदवहीत) त्याच वेळेची नोंद आहे की नाही यावरून कळते. ही एक तपासणी निम्मे काम करते, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात.

त्यानंतर प्रायव्हेट विंडोत लॉगिन करून पाहा. तिथे जुन्या कुकी नसतात आणि एक्स्टेन्शनही सहसा बंद असतात. तिथे पॅनल चालले तर दोष या दोहोंपैकी एकात. उलटही घडते: क्रोमची इन्कॉग्निटो विंडो थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे उघड्या पानाहून वेगळ्या डोमेनच्या कुकी अडवते, त्यामुळे पॅनल एका डोमेनवर आणि एपीआय दुसऱ्यावर असेल तर नेहमीच्या विंडोत चालणारी गोष्ट तिथे बंद पडते.

एक्स्टेन्शनमध्ये पहिला संशय ॲड ब्लॉकरवर घ्या. क्रोममध्ये ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ दिसले की समजायचे. पॅनलच्या पत्त्यात ‘ॲड्स’ किंवा ‘बॅनर’ असा शब्द असला की ब्लॉकरच्या यादीतला नियम त्याला जाहिरात समजतो. एकाच्या ब्राउझरमध्ये ब्लॉकर बंद करून भागत नाही. पॅनल वापरणारे दहा जण असतील तर सर्व्हरवरचा पत्ताच बदलावा.

कुकींचा त्रास दोन तऱ्हेचा. एक म्हणजे साठा: मुख्य डोमेनवरच्या आकडेवारीच्या आणि चॅटच्या कुकी पॅनलच्या प्रत्येक रिक्वेस्टला चिकटतात. एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये हेडरच्या (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या) एका ओळीला मुळात 8 केबीची मर्यादा असते. ती ओलांडली की 400 येतो आणि ‘कुकी टू लार्ज’ असे लिहून येते. कुकी पुसल्या की चालते, पण थोडेच दिवस. दुसरा त्रास नियमांचा. फेब्रुवारी 2020 मध्ये क्रोम 80 पासून सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून निघालेल्या रिक्वेस्टसोबत कुकी जावी की नाही हे सांगणारी खूण) न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’, म्हणजे अशा बहुतेक रिक्वेस्टसोबत न जाणारी, धरली जाऊ लागली, आणि मार्च 2020 च्या सफारी 13.1 ने थर्ड-पार्टी कुकी सरसकट अडवल्या. ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ लिहून क्रोमचे समाधान होते, सफारीचे नाही. त्यामुळे एपीआय पॅनलच्याच डोमेनच्या सबडोमेनवर आणणे हाच टिकाऊ इलाज.

आता फक्त सफारीत अडणारा एक बिघाड. शेअर्ड होस्टिंगवर पुष्कळदा पुढे एनजिनएक्स आणि मागे अपाची हे दुसरे सर्व्हर सॉफ्टवेअर अशी मांडणी असते. अपाचीचे एचटीटीपी/2 (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचा नवा प्रोटोकॉल) मॉड्यूल चालू असेल तर ते उत्तरात ‘अपग्रेड’ नावाचे हेडर घालते: मला नवा प्रोटोकॉलही येतो, अशी सूचना. एनजिनएक्स ते जसेच्या तसे ब्राउझरकडे पाठवतो, पण ब्राउझरशी त्याचे बोलणे आधीच एचटीटीपी/2 मध्ये चाललेले असते. मे 2015 च्या आरएफसी 7540 या इंटरनेटच्या प्रमाण नियमावलीपासून एचटीटीपी/2 मध्ये हे हेडर निषिद्ध आहे. क्रोम आणि फायरफॉक्स त्याकडे काणाडोळा करतात. सफारी नियम पाळून अख्खे उत्तरच टाकून देते आणि ‘प्रोटोकॉल एरर’ दाखवते. कॅशमधली पाने एनजिनएक्स स्वतःच देतो, अपाचीपर्यंत जातच नाही, म्हणून वेबसाइट ठीक आणि पॅनल बंद. इथे सफारीला दोष देणे अन्यायाचे आहे. उपाय एका ओळीचा: एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये ‘प्रॉक्सी हाइड हेडर’ या डायरेक्टिव्हने ‘अपग्रेड’ काढून टाकायचे आणि कॉन्फिग रीलोड करायचे.

सर्टिफिकेटचे प्रकरण नेमके उलटे. सर्व्हरने आपली ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटसोबत मधले, म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट पाठवले नाही तर क्रोम ते बाहेरून मिळवून वेळ निभावतो. फायरफॉक्स तसे आणत नाही. त्याच्याकडच्या साठ्यात ते नसेल तर ‘अननोन इश्युअर’ म्हणून थांबतो. पण एपीआयची रिक्वेस्ट पडद्यामागे जात असल्याने हा इशारा पॅनलमध्ये दिसत नाही. तो पाहायचा तर एपीआयचा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये थेट उघडा. लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेट वापरत असाल तर एनजिनएक्सला ‘सर्ट’ऐवजी ‘फुलचेन’ ही फाइल दिली आहे ना, ते बघा.

एवढे करूनही सुटले नाही तर होस्टिंगवाले नेटवर्क टॅबमधली एचएआर फाइल, म्हणजे तिथल्या सगळ्या रिक्वेस्टची नोंद, मागतात. तिच्यात सेशन कुकी असू शकते, आणि ती ज्याच्या हाती पडेल तो पासवर्डशिवाय तुमच्या पॅनलमध्ये शिरू शकतो. म्हणून फाइल सेव्ह झाली की आधी पॅनलमधून लॉगआउट करा, मग ती पाठवा. वर्डप्रेसमध्ये लॉगआउट होताच ते सेशन सर्व्हरवरूनही रद्द होते.